मुहय्योचं पोलादी कडं

माझी नणंद मुहय्यो डाव्या मनगटात पोलादाचं एक कडं घालायची. दागिना म्हणून कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही, असला त्याचा रंग. त्यावर बाजारातल्या सुऱ्यांवर नाव कोरणाऱ्या माणसाकडून ठळक अक्षरांत कोरून घेतलं होतं: साखरेचा आजार आहे. इन्सुलिन घेते. भोवळ आली तर साखर द्या, १०३ वर रुग्णवाहिका बोलवा. आणि त्याखाली माझ्या सासऱ्यांचा फोन नंबर.

सासरे, नोसिर-आका, फरगाना रस्त्यावर बस चालवतात. मुहय्यो लहान असताना एकदा वर्गात कोसळली आणि बाईंना वाटलं पोरगी सोंग करतेय, गणित चुकवायला. कोपऱ्यात पडू दिलं तिला. त्या दिवसानंतर सासऱ्यांनी ते कडं करून घेतलं, आणि पोरीचं मनगट वाढलं तसं दोनदा मोठंही करून आणलं. तेव्हापासून त्यांना फोनची एक खोडच लागली. अनोळखी नंबर दिसला की बस कडेला घेतील, हॅलोसुद्धा म्हणणार नाहीत, थेट सुरू: "मी मुहय्योचा बाप. आधी साखर द्या तिला. दातखीळ बसली असेल तर हिरड्यांना मध चोळा. मी निघालोय." पलीकडे कुणीतरी गालिचे धुऊन देणारा नाही तर कर्ज विकणारी पोरगी. बिचारी घाबरून फोन ठेवायची. आम्ही घरात पोट धरून हसायचो. मुहय्यो तर त्यांची नक्कल करून दाखवायची, हातात लाटणं धरून.

ती हसरीच होती. कड्याला 'माझा पट्टा' म्हणायची. "वहिनी, हरवले तर लोक पट्टा वाचून घरी पोचवतील," म्हणायची. आणि एकदा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली असताना म्हणाली, "गंमत नाही हं. साखर उतरली की माझी जीभ जड होते, बोलते एक आणि निघतं भलतंच. त्या वेळी मी काही सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. कड्यावर ठेवतात." मी तिला म्हटलं, गप झोप, म्हातारीसारखी बोलू नकोस.

तिला मागणी आली ती हलवेवाल्यांच्या घरातून. कोकंदात हलवेवाले पुष्कळ, पण सलोमतबाईंची कढई चार पिढ्यांची. त्यांचा धाकटा जोराबेक आमच्या मुहय्योबरोबर शिकायला होता. तो सगळं जाणून होता. तासाला बसल्या बसल्या हिच्या तोंडावर घाम आला की आपल्या खिशातली साखरेची गोळी काढून द्यायचा, अशी त्यांची ओळख. घरात हट्ट धरून बसला, की करीन तर हिलाच. आईने आधी आदळआपट केली, मग अबोला धरला, आणि शेवटी तबक भरून हलवा घेऊन आमच्या जेवणाच्या दस्तरखानावर येऊन बसली.

"मुलगी सोन्यासारखी आहे, तिला मी नाही कशी म्हणू?" सलोमतबाई माझ्या सासूला म्हणाल्या. "पण विहीणबाई, आपण दोघी बायका आहोत, तुम्हाला कळेल. आमचा धंदा साखरेचा. उद्या बाजारात बोभाटा झाला, की हलवेवाल्यांच्या सुनेलाच साखरेचा आजार, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, सलोमतचा हलवा खाऊन झाला! शेजारचा कादिर हलवेवाला तर वाटच बघतोय."

"लपवून कसं चालेल?" सासू म्हणाली. "सुई दिवसातून चारदा लागते तिला."

"घरात घेऊ दे ना सुई, कोण नको म्हणतंय? मी आईच आहे तिची. फक्त मोहल्ल्याला कळायला नको. आणि ते हातातलं पत्र्याचं तेवढं लग्नात नको. बायका आधी मनगट बघतात, मग तोंड."

सासूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खोला," आमच्यात मावशीला तसं म्हणतात, "ते पत्र्याचं नाही, तिचा जीव आहे तो." त्या हसल्या आणि माझ्या ताटात हलव्याचा मोठा तुकडा ठेवला. म्हणाल्या, "तू फार तिखट आहेस गं. घे, जरा गोड खा."

मुहय्योनेच विषय मिटवला. बापाचं वय, आईची काळजी, जोराबेकवरचा जीव. "दोन दिवस नाही घातलं तर काय होतंय?" म्हणाली. लग्नाच्या दिवशी मात्र तिने ते घातलंच, रुंद बाहीच्या आत, वर ओढून. मी यंगा म्हणून तिच्याबरोबर सासरी गेले. नवरीची पाठराखीण म्हणजे आमच्यात वहिनीच, पडद्याआड तिच्याजवळ बसायचं, तिला हवं-नको बघायचं. रात्री मी तिला समोर बसवून भात खायला लावला, साखर मोजली, सगळं ठीक होतं.

सकाळी नवरीचा सलाम. तुम्ही आमच्यातलं लग्न पाहिलं असेल तर ठाऊक असेल, लग्नापेक्षा ह्या सलामाला बायका जास्त जमतात. नवरी अंगणात जाळीचा पदर घेऊन उभी राहते, गाणारी बाई एकेकाचं नाव घेऊन गाते, सासऱ्याला सलाम, चुलतसासऱ्याला सलाम, आत्याबाईंना सलाम, आणि दर नावाला नवरीने कमरेत वाकायचं. बोलायचं नाही, खायचं नाही, बसायचं नाही. जितकं मोठं घराणं तितकी नावं. मध्येच वरून मिठाई उधळतात तिच्यावर, खडीसाखर, गोळ्या, की हिचं पाऊल गोड पडो. पोरं तुटून पडतात.

सलोमतबाई पडदा बाजूला करून आत आल्या त्या हातात सोन्याचं रुंद कडं घेऊनच. पहिल्या सकाळी सासूने सुनेच्या डाव्या हातात कडं घालायचं, हीसुद्धा रीतच. त्यांनी मुहय्योची बाही मागे सारली आणि पोलादी कडं पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे अजून आहेच का?"

"उजव्या हातात घालू दे," मी म्हटलं.

"उजव्या हाताने पदर धरायचा असतो, सगळ्या बायकांच्या नाकासमोर. तू लग्न पहिल्यांदा पाहतेयस का?" त्यांनी पोलादी कडं उतरवलं, आपल्या झग्याच्या खिशात टाकलं आणि सोन्याचं चढवलं. मग मुहय्योच्या गालावरून हात फिरवला. "बघ, आता कशी सून दिसतेस. तुझं तू सुईचं उरकून घे लवकर. बायका यायला लागल्यात, कुणी आत डोकावलं तर पंचाईत व्हायची."

"आधी घास, मग सुई," मी म्हटलं. "खाणं समोर असल्याशिवाय नाही टोचायचं, साखर उतरते."

"अगं, खाणं तयार आहे! समसे तंदूरमधून निघतायत. मी काय सुनेला उपाशी ठेवणार आहे?" आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या, पडद्याला पाठ लावून, बाहेरचं कुणी येऊ नये म्हणून. मुहय्योने माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. सासरची पहिली सकाळ, सासू वाट बघत उभी. तिने सुई टोचून घेतली. सुईची पिशवी सलोमतबाईंनी लगेच उचलून गाद्यांच्या ढिगाखाली सारली.

"आता तू जा माहेरची तबकं घेऊन ये," मला म्हणाल्या. "तबकं यंगानेच आणायची असतात. तोवर मी खाऊ घालते हिला."

नवरीची पहिली न्याहारी माहेरून येते, आणि ती यंगाच आणते, हे खरंच आहे. आमचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी निघताना मुहय्यो म्हणाली, "वहिनी, आईला सांग मध दे म्हणून. आणि जास्त रडू नको म्हणावं, मी इथेच आहे." मी तिच्या बाहीत दोन गोळ्या कोंबल्या. तो झगा बदलून तिला सलामाचा जरीचा झगा घालायचा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या जरीच्या झग्याला ना खिसा, ना बाही धड.

घरी तबकं तयारच होती. नान, मध, साय, उकडलेली अंडी, सासूने पहाटे उठून केलेला पुलाव. मी आणि माझ्या दोन चुलतजावा डोक्यावर तबकं घेऊन जवळजवळ धावतच परतलो. दारात बघते तर आडवी ओढणी बांधलेली, आणि पलीकडे जोराबेकची बहीण शोइरा कमरेवर हात ठेवून उभी. तिच्या मागे डझनभर बायका, खिदळतायत.

दार अडवायची आमच्यात मोठी हौस. यंगाने मुलीकडून बोलायचं, करवल्यांनी उलटून पाडायचं, ज्याची जीभ धारदार तो जिंकला. यंगा म्हणते, उघडा गं दार, पोरगी भुकेने मेली! आणि त्या म्हणतात, मेली तर मेली, सून आमची झाली! पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. मी स्वतः कितीतरी लग्नांत ते म्हटलंय आणि टाळ्या घेतल्यात.

ओढणीवरून मला सगळं अंगण दिसत होतं. मुहय्यो उभी होती. सलाम सुरू झाला होता. गाणारी म्हातारी डफ वाजवत कुण्या खोजंदच्या काकांचं नाव घेत होती. मुहय्यो वाकली. उठली. तिचे हात पदराच्या कडेला नीट धरलेले नव्हते, बोटं चाचपडत होती. मला ती चाचपड ओळखीची.

"शोइरा," मी म्हटलं, "हिला खायला दिलं का?"

"आधी आम्हाला काय आणलंस ते दाखव!"

"अगं मस्करी नाही. तिने काही खाल्लं का?"

"नवरी कधी खाते का गं? नवरी लाजते!" मागच्या बायका खदखदल्या.

"दार उघड. उघड दार, ती पडेल!"

"पडली तर उचलू, भाऊ माझा धट्टाकट्टा!" शोइराने टोला परतवला आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या.

तेव्हा मी ते बोलले. घराण्याची अब्रू, आजार लपवायचा माझ्या सासूने दिलेला शब्द, सगळं गेलं खड्ड्यात. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी ओरडले. मी ओरडले नाही असं कुणी म्हणू नये. "तिला साखरेचा आजार आहे! सुई घेऊन उपाशी उभी आहे! साखर मिळाली नाही तर मरेल ती!"

मग शोइरा इतकी हसली की तिने ओढणीचा आधार घेतला. "बायांनो, ऐकलंत? हलवेवाल्याच्या घरात येऊन म्हणते, साखरेवाचून मेली! ही यंगा तर सगळ्यांना पुरून उरली!" एकजण म्हणाली, "वा! हे नवीन आहे, हे आमच्या फिरोझाच्या लग्नात वापरू!" आणि मागून नेहमीचं सुरू झालं, टाळ्यांच्या ठेक्यावर, सगळ्या मिळून: मेली तर मेली, सून आमची झाली.

मी रडायला लागले. तेही त्यांना आवडलं. म्हणाल्या, काय सोंग वठवते, डोळ्यांत पाणीसुद्धा आणते.

आणि अंगणात मुहय्यो कुठल्याशा आत्याबाईंना वाकली ती अर्धीच वर आली. डोलली. बायका म्हणाल्या, बघा, सून किती विनयाची, किती खाली वाकते. कुणीतरी मिठाईचं सूप उचललं आणि तिच्यावर उधळलं. मूठमूठ खडीसाखर, लाल-हिरव्या गोळ्या, तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून घरंगळल्या. ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. मुलं धावली. तिच्या हाताखालून, पदराखालून गोळ्या वेचायला लागली.

मी तबक फेकलं. पुलाव, मध, सगळं शोइराच्या अंगावर. ओढणी फाडून आत घुसले, आणि जमिनीवरची खडीसाखर मुठीत घेऊन तिच्यापाशी बसले. ती घामाने निथळत होती. हात-पाय ताठ होऊन उडत होते, दात घट्ट. मध दारात सांडून आले होते, म्हणून मी खडीसाखर चावून, ओली करून, बोटाने तिच्या हिरड्यांना चोळायला लागले. ओठाच्या आत थोडी गेली असेल नसेल, तोच एक जाड हात मध्ये आला. मोहल्ल्यात दृष्ट काढणारी म्हातारी. तिने बोट घालून सगळी साखर बाहेर काढली.

"तोंड रिकामं ठेवायचं," म्हणाली. "जिन्नाला बाहेर पडायला वाट नको? हे उडतंय ते अंग हिचं नाही."

"जिन्न नाही गं बाई, साखर उतरलीय हिची! खोला, सांगा ना यांना! तुमच्या खिशात आहे, काढा ते कडं!"

सलोमतबाई माझ्याकडे बघत होत्या. सगळा मोहल्ला त्यांच्याकडे बघत होता. शेजारच्या कादिरची बायको तर मान उंच करून बघत होती. तेवढ्यात त्यांनी हात खिशावर ठेवला, मला स्पष्ट दिसलं, कड्याचा गोल आकार कापडातून वर आला होता. म्हणाल्या, "हिलाही लागीर झालंय. हिला आत न्या."

चौघींनी मला उचललं. एकीने केस धरले. ओढत नेऊन हलव्याच्या कारखान्यात टाकलं आणि बाहेरून कडी घातली. चार पिढ्यांची कढई, आणि भिंतीला लागून छतापर्यंत साखरेची पोती. मी दारावर लाथा मारल्या, डोकं आपटलं. बाहेरून दृष्ट काढायला जाळतात त्या इसिरिकच्या पाल्याच्या धुराचा वास येत होता, म्हातारी तिच्यावर धूर धरत होती, मंत्र म्हणत होती. काय कमी होतं तेव्हा त्या घरात? साखर कमी नव्हती.

बऱ्याच वेळाने १०३ च्या गाडीचा आवाज आला. कुणी बोलावली कोण जाणे, कुणी म्हणतात जोराबेकने. पुरुषांच्या पंक्तीतून त्याला उशिरा कळलं. डॉक्टरचा आवाज मला दाराआडून ऐकू येत होता, दमलेला.

"हिला काही आजार?"

"आजार?" सलोमतबाई म्हणाल्या. "नखात रोग नाही हो. काल लग्न झालं, झोप नाही, दृष्ट लागली."

"साखर आहे, साखर! इन्सुलिन!" मी आतून ओरडले.

"कोण आहे ते?"

"पाहुणी आहे. तिला झटके येतात. आज आमच्या घरावर काय आलंय कोण जाणे."

"अशा नवऱ्या रोज पडतात," डॉक्टर म्हणाला. "मनगट द्या इकडे. हे सोनं जरा वर सरकवा." त्याने नाडी बघितली. शांत व्हायचं इंजेक्शन दिलं. हातपाय उडायचे थांबले, तेव्हा बायका म्हणाल्या, अल्लाची कृपा, जिन्न उतरला. तिला आत गादीवर निजवलं. डॉक्टर म्हणाला, झोपू द्या.

संध्याकाळी जोराबेकने कारखान्याची कडी काढली. त्याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं त्याला. मी त्याच्या छातीवर बुक्क्या मारत म्हटलं, "तुला नाही का कळलं?" तो म्हणाला, "आई म्हणाली खाल्लंय तिने. झोपलीय म्हणाली." इस्पितळात नेलं तेव्हा एका नर्सने बोट टोचून बघितलं आणि किंचाळलीच. मग धावाधाव. पण डोकं आतून विझलं होतं. तिसऱ्या दिवशी मुहय्यो गेली.

प्रेत सासरच्या घरून निघालं, रीतच तशी. आंघोळ घालणाऱ्या बायकांनी सोन्याचं कडं उतरवलं आणि सलोमतबाईंनी ते रुमालात बांधून घेतलं. दाराशी पुरुष उभे, अंगात कमरेला पट्टा बांधलेला चोपोन, तो लांब झगा, हातात काठी, रडत येणाऱ्यांना गळ्याशी घेत. नोसिर-आका त्यात शेवटी. आत बायकांची खोली गच्च भरलेली. माझी सासू भिंतीला टेकून, नुसती पुढे-मागे डोलत.

तेव्हा सलोमतबाई उठल्या. आवाज असा काढला की अंगणातल्यालाही ऐकू जावा.

"बायांनो, माझं घर लुटलं हो! मला फसवलं! रोगी पोरगी माझ्या पदरात घातली आणि एका शब्दाने सांगितलं नाही!" आणि खिशातून पोलादी कडं काढून सगळ्यांसमोर धरलं. "हे बघा. आज तिची पेटी उघडली, तर कपड्यांच्या तळाशी दडवलेलं सापडलं. आधी सांगितलं असतं तर मी तिला हाताच्या तळव्यावर ठेवलं असतं. साखरेचं घर माझं, मी सुनेला साखर दिली नसती का?"

चोराच्या उलट्या बोंबा! मी उठले, म्हटलं, "खोटारडे, तुझ्या खिशात होतं ते, तूच काढलंस!" पण मी ती वेडी यंगा, पुलाव फेकणारी. कुणी माझा पदर खाली ओढला, कुणी म्हणालं, मेलेल्या घरी भांडू नये. मी दाराकडे बघितलं. जोराबेक उंबऱ्यात उभा होता, आईने काय काढलं ते बघत. "सांग," मी म्हटलं, "तू सांग, तुला माहीत होतं." त्याने कड्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खाली मान घालून बाहेर निघून गेला.

कडं हातोहात फिरलं. आता सगळ्यांना वाचता येत होतं. कादिरची बायको मोठ्याने अक्षर लावून वाचत होती, भोवळ आली तर साखर द्या. बाया चुकचुकल्या. म्हणाल्या, बघा, लिहिलेलंसुद्धा होतं, आणि माहेरच्यांनी दडवून ठेवलं. किती निर्दयी लोक.

"आणि हा नंबर कुणाचा?" शोइराने विचारलं.

"लाव बघू," सलोमतबाई म्हणाल्या. "कुठल्या तरी दवाखान्याचा असेल. विचार, ही पोरगी कधीपासून त्यांच्या दफ्तरी आहे ते. होऊ दे सगळ्यांसमोर."

शोइराने नंबर दाबला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर टाकला. फोनमध्ये घंटा वाजली, आणि त्याच वेळी बाहेर, दाराशी, दुसरा फोन वाजला. कुणीतरी काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग दोन्हीकडून एकदमच, अंगणातून आणि शोइराच्या हातातून, माझ्या सासऱ्यांचा आवाज आला, नेहमीसारखा घाईचा.

"मी मुहय्योचा बाप. आधी साखर द्या तिला. दातखीळ बसली असेल तर हिरड्यांना मध चोळा. मी निघालोय."

शोइराला फोन बंद करता येईना.

"हॅलो?" सासरे म्हणाले. "दिली का साखर?"